पणतीतले तेल

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. रात्रपाळी संपवून सकाळी साडेआठला घरी आले. सर्वांची अभ्यंगस्नाने केव्हाच उरकली होती. सासूबाईंनी माझ्यापुरते उटणे आणि वाटीभर तेल झाकून ठेवले होते. "बस पाटावर, मी लावते," त्या म्हणाल्या. मी बसले आणि बसल्या बसल्या झोपले! जाग आली तेव्हा तेल कानामागून ओघळत होते, मांडीवर श्वसनयंत्रावरचे पुस्तक उघडे होते आणि धाकटा विचारत होता, "आजी, आई आजारी आहे का गं?"

"नाही रे, आई अभ्यास करते आहे," सासूबाई म्हणाल्या. घरात हशा पिकला. मीही हसले. पण त्या सकाळी मी घरी काय घेऊन आले होते, ते कोणाला सांगितले नव्हते.

चौदा वर्षे परिचारिकेची नोकरी केल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले होते. अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरचा हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. यात वर्गापेक्षा रुग्णाच्या खाटेपाशीच अधिक शिकायचे. पाळ्याही करायच्या आणि उरल्या वेळात पुस्तकेही वाचायची. लोकांना मी सांगे, "ज्ञान वाढवायचे आहे." खरे कारण निराळे होते. एकदा ही पदवी मिळाली की सलाईन, बेडपॅन आणि नातेवाइकांची बोलणी यांतून आपण सुटू, असे मला वाटे. ज्या खाटेपासून पळायचे, तिच्याच उशाशी बसून शिकायचे आहे, एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती!

त्या रात्री एका आजोबांनी पाणी मागितले. चमच्याचमच्याने द्यायला परवानगी होती. त्यांनी तीनदा मागितले. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "आजोबा, मला काय दहा हात आहेत?" ते गप्प झाले. पहाटे वॉर्डातल्या मावशींनी त्यांचे सुकलेले ओठ ओले केले आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, आजोबा म्हणतात, त्या बाईंना त्रास नको देऊ."

मला काहीच वाटले नाही. कागदांवर सह्या केल्या, चार्ज दिला आणि घरी आले. काहीच न वाटल्याची भीती वाटली, ती दुपारी झोपून उठल्यावर.

या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तिच्याविषयी लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची खूण पटवून दिली, ती अशी : शक्ती संपणे, कामाविषयी मन दुरावणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, कामातून उद्भवणारी स्थिती आहे, असेही संघटनेने म्हटले. मी मात्र तोवर तिला आळस म्हणत होते आणि उपाय म्हणून आणखी एक कप चहा घेत होते.

शेवटी आमच्या जुन्या, आता निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंकडे गेले. सर्व ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "त्या दिवशी उठली होतीस किती वाजता?"

"सकाळी सहाला. दुपारी वाचत बसले, मग रात्रपाळी."

"म्हणजे सव्वीस तास! अगं, सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोके रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे चालतात, असे १९९७ साली प्रयोगाने दाखवले आहे. आपल्या कायद्यात ०.०३ टक्क्यांपुढे मोटार चालवता येत नाही. आणि तू इंजेक्शने भरत होतीस!"

मी खाली पाहिले. बाई पुढे म्हणाल्या, "नाइटिंगेलबाईंच्या हातातला दिवा सगळ्यांनी चित्रात पाहिला. क्रिमियाहून १८५६ साली परतल्यावर त्या आजारी पडल्या आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांनी खोलीत राहून, लिहून काम केले. ते चित्र कोणी भिंतीवर लावत नाही. दिवा सगळे बघतात गं, तेल कोणी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून इन्चार्ज सिस्टर आणि आमच्या प्राध्यापिका यांना सर्व सांगितले. "आम्ही नाही का केले?" हे एकीकडून ऐकावे लागलेच. तरी रात्रपाळीनंतरच्या सकाळी तास ठेवायचा नाही, एवढे ठरले. मी स्वतःला दोन नियम घातले. पाळीवरून आल्यावर आधी झोप, पुस्तक नंतर. आणि वाचायचे ते त्या दिवशी पाहिलेल्या एकाच रुग्णाविषयी. याची किंमत पडली. एक चाचणी मागे राहिली, बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, आणि ते झोंबलेही.

पण त्याच एका-रुग्णाच्या अभ्यासात एके दिवशी वाचले, की श्वसनयंत्रावरच्या रुग्णाचे तोंड नियमित स्वच्छ ठेवणे हा न्युमोनिया टाळण्याच्या उपायांपैकी एक आहे. ज्या कामाला मी हलके समजत होते, तेच पुस्तकात शास्त्र होऊन बसले होते! मला ते सुकलेले ओठ आठवले. माफी मागायला गेले होते, पण आजोबा घरी गेले होते. ती राहून गेली. आता तोंड पुसण्याचे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

एक मात्र सांगते. दोघींचे काम एकीने करायचे असेल, तर झोपेचे नियम किती पुरणार? माणसे वाढवणे हे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी तेही करायला हवे. दमलेल्या परिचारिकेला 'सेवाभाव कमी पडला' म्हणणे सोपे असते.

यंदाही नरकचतुर्दशीला माझी रात्रपाळी आहे. सूर्योदयानंतर न्हाणारा नरकात जातो म्हणतात. सासूबाईंना भीतभीत म्हटले, "यंदा मी आधी झोपेन, न्हाईन दुपारी."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "झोप निवांत. उठलीस की हाक मार, तेल तापवून देते."