जुन्या खेळांच्या जत्रेला जाताना

परदेशी मुलाकडे जाऊन आलेल्या आईबापांना "काय काय पाहिलेत?" असे विचारावे, तर उत्तरे ठरलेली असतात. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि मोठमोठी दुकाने! "नातवंडांशी काय काय बोललात?" असे मात्र कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर पुष्कळांची पंचाईत होईल. सहा महिने एका छपराखाली काढूनही 'जेवलास का' आणि 'अभ्यास झाला का' यापलीकडे गाडी जात नाही. त्यांचे मराठी अडखळते, आपले इंग्रजी अडखळते. संध्याकाळ झाली की ती खेळाच्या पडद्यापुढे आणि आपण आपल्या मोबाइलपुढे. म्हणून यंदाच्या दिवाळीत तीर्थक्षेत्राची नव्हे, तर एका जत्रेची वाट सांगणार आहे.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. तेथे जुन्या व्हिडिओ गेम्सचे मोठे संमेलन भरते. 'पोर्टलंड रेट्रो गेमिंग एक्स्पो' हे त्याचे नाव. बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात शुक्रवार ते रविवार ते चालते. तारखा बदलतात, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी सुनेला पाहायला सांगावे. शहरालगतच्या हिल्सबरो आणि बीव्हर्टन भागांत संगणकाच्या कारखान्यांमुळे आपली मराठी घरे बरीच आहेत. त्यांतल्याच एका घरी मी दोनदा राहून आले आणि दोन्ही वेळा ही जत्रा केली. प्रथमच जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट पायांची. मोटार ठेवायला जागा शोधीत हिंडण्यापेक्षा 'मॅक्स' ही शहरातली रेल्वे बरी. ती ओरेगॉन कन्व्हेन्शन सेंटरपाशीच थांबते. काचेच्या दोन मनोऱ्यांवरून इमारत लांबून ओळखू येते. आत एक प्रचंड लंबक टांगलेला आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखविणारा. चुकामूक झाली तर त्याच्यापाशी भेटायचे, असे आधीच ठरवून ठेवावे. पायांत वापरून मऊ झालेले बूट असावेत, पिशवीत पाण्याची बाटली, घरचे थोडे खाणे आणि छत्री असावी. त्या दिवसांत तिकडे पाऊस केव्हाही येतो. आत शेकडो यंत्रे एकदम बोलत असतात. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी कानांसाठी कापूस न्यावा. माझी त्यावर काही तक्रार नाही. आपल्या लग्नघरांत याहून कमी आवाज असतो असे नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. आत शिरल्याबरोबर डावीउजवीकडची दुकाने पाहत बसू नये. प्रथम खेळाच्या दालनात जावे. एकदा प्रवेशाचे तिकीट काढले की तेथली यंत्रे फुकट खेळता येतात, नाणे टाकावे लागत नाही. आपल्या वयाच्या माणसाने 'पॅक-मॅन'पासून सुरुवात करावी. १९८० साली जपानात तोरू इवातानी यांनी तो रचला. त्या काळचे खेळ म्हणजे बहुतेक गोळीबार. तेव्हा बायकांना आणि जोडप्यांना आवडेल असा खाण्यापिण्यावरचा खेळ करावा, असे त्यांच्या मनात आले. त्याला बटणे नाहीत, एक दांडा तेवढा आहे. देवघरातली घंटा ज्यांना वाजवता येते त्यांना पॅक-मॅन खेळता येतो.

मग १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' पाहावा. वरून रांगेने उतरणारी परकी सेना आपण खालून टिपायची. शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले जोरात धावू लागतात, आणि आपली त्रेधा उडते. ही युक्ती कोणी मुद्दाम योजलेली नव्हती. त्या वेळचे संगणक मंद. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की उरलेल्या त्याला लवकर काढता येत. रचणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांना ही गंमत दिसली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. घरात माणसे कमी झाली की उरलेलीला जास्त धावावे लागते, हे कोणत्या गृहिणीला ठाऊक नाही?

तिसरी गोष्ट नातवंडांची. मुलाला एकच सांगावे, "मला शिकव." घरी त्याला आपण सतत काही ना काही शिकवीत असतो, येथे पारडे उलटू द्यावे. माझा नातू घरी प्रश्नाला हूं की चूं करणारा. तो तेथे अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत मला सांगू लागला, "आजी, डावीकडे! भूत आलं, पळ!" वर्षभराच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी त्याचे इतके मराठी ऐकले नव्हते. आपण हरलो तरी हसावे, पण मुद्दाम हरू नये. मुलांना ते कळते.

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आणि त्याला जोडलेली खेळातली बंदूक दिसली तर जरूर हातात घ्यावी. आपल्या मुलांनी लहानपणी बदके मारलेला 'डक हंट' तो हाच. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक काही सोडीत नाही, ती तो उजेड पाहते. आजच्या सपाट टीव्हीवर हा हिशेब जमत नाही. म्हणून ही मंडळी ते जडशीळ डबे जपून ठेवतात. आपल्याकडे ते केव्हाच भंगारात गेले.

जुने म्हणजे संपलेले, असेही समजू नये. याच संमेलनात २०१८ साली 'टेट्रिस'च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला सात वेळा अजिंक्य ठरलेला जोनास न्यूबाउर, दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचा जोसेफ सेली. ज्या यंत्रावर ते खेळत होते त्यावरचा खेळ १९८९ चा, म्हणजे सेलीच्या जन्माआधीचा. बोटांनी झरझर टिचक्या मारण्याच्या रीतीने पोरगा जिंकला. न्यूबाउर २०२१ च्या जानेवारीत अकाली गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

चौथी गोष्ट पैशांची. ओरेगॉनात विक्रीकर नाही, म्हणून हात सैल सुटतो, तो आवरावा. आधी सगळा बाजार एकदा फिरावा, मग घ्यावे. रविवारी दुपारी घासाघीस जास्त चालते, कारण विकणाऱ्याला माल परत बांधायचा असतो. मुलासाठी जुनी कॅसेट घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे १९९० नंतर घरोघर आलेली यंत्रे बहुतेक जपानी 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या; त्यांच्या कॅसेटला साठ पिना. अमेरिकेतल्या निन्टेन्डोला बहात्तर. मध्ये जोड घातल्याशिवाय एकीची दुसरीकडे बसत नाही. ज्या कॅसेटमध्ये खेळ साठवता येतो तिच्यात लहानशी बॅटरी असते, आणि ती तीस-पस्तीस वर्षांत मरते. बदलली आहे का, ते विचारावे. नकली माल बराच असतो, तेव्हा लावून दाखवा म्हणावे. सरळ दुकानदार नाही म्हणत नाही. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची आपल्या घराघरांतली विद्या सोडून द्यावी. तोंडाच्या वाफेने पिना गंजतात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे.

आणि शेवटचे. प्रवेशाच्या खिडकीपाशी मुलगा हमखास म्हणेल, "आई, तुम्ही दोघं बाहेर बसा, आम्ही तासाभरात येतो." त्याच्या बोलण्यात काळजीच असते. तरी बाकावर बसू नका. तिकीट सगळ्यांचे काढायला सांगा आणि नातवाचा हात धरून आत शिरा. दमलात तर लंबकापाशी बसायला जागा आहे.