अज्ञान मुलांचा धर्म आणि घटना समिती

धम्मदीक्षा घेतलेल्या आईबापांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. तुम्ही सज्ञान आहात, तुमचा धर्म तुम्ही बदललात; परंतु या लेकरांना कोणत्या अधिकाराने बौद्ध केलेत? विचारणाऱ्यास वाटते, आपण मोठे नवे कोडे घातले. वस्तुतः हाच प्रश्न १ मे १९४७ रोजी दिल्लीस घटना समितीपुढे आला होता. तेथे तो आपल्या विरुद्ध सुटता, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आईच्या कडेवर बसून आलेली मुले कायद्याच्या दृष्टीने जुन्याच धर्मात राहिली असती.

मूलभूत हक्कांच्या अहवालात एक कलम होते. जबरदस्तीने अथवा गैरवाजवी दडपणाने घडवून आणलेले धर्मांतर कायदा मानणार नाही, असा त्याचा आशय होता. श्री. कन्हैयालाल मुनशी यांनी त्यास दुरुस्ती सुचविली आणि तीत फसवणुकीच्या जोडीला अठरा वर्षांखालील व्यक्तीचे धर्मांतरही घातले. म्हणजे जबरदस्ती असो वा नसो, केवळ वयापायी ते रद्द! श्री. पुरुषोत्तमदास टंडन यांनी तिची बाजू मांडताना दिलेला दाखला कोणाही वकिलास मोह पाडील असा होता. अज्ञान मुलाने शंभर रुपयांची झोपडी विकली तरी तो व्यवहार कायदा मानीत नाही. मग धर्म बदलण्याची समज त्यास आहे, हे कसे मानावे? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु अज्ञान मुलाची झोपडी त्याचे आईबापच सांभाळतात ना? मग त्याचा धर्म तेवढा त्यांच्या हातून काढून कोणाच्या हवाली करावयाचा? आणि जन्माने चिकटलेला धर्म तरी त्या मुलाने कोठे विचार करून पत्करलेला असतो?

परमपूज्य बाबासाहेब त्या वेळी बंगालमधून निवडून आलेले सभासद होते. मसुदा समिती अद्याप नेमली गेली नव्हती. त्यांनी मुनशींच्या दुरुस्तीस स्पष्ट विरोध केला. समित्यांनी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी खल केला आहे, असे सांगून त्यांनी अनाथ मुलांची आणि धर्म बदलणाऱ्या आईबापांच्या मुलांची अडचण सभागृहापुढे ठेवली. श्री. फ्रँक अँथनी यांनीही कुटुंबाच्या मुळावर घाव बसेल, असे बजावले. आपल्या घरापुरते पाहा. बाप बौद्ध, आई बौद्ध, आणि मांडीवरचे मूल अठरा वर्षे परधर्मी! त्याचा वारसा, त्याचे पालकत्व, त्याचा शाळेतील दाखला, सारेच वादाचे विषय झाले असते.

निकाल मात्र मतदानाने लागला नाही. कलम सल्लागार समितीकडे परत गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये समितीने कळविले की, हे तत्त्व उघडच आहे, घटनेत लिहिण्याचे कारण नाही. सारे कलमच गळाले आणि त्यासोबत अठरा वर्षांची अटही गळाली. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये धर्माच्या ‘प्रचारा’चा हक्क राखण्यासाठी याच मुनशींनी भाषण केले; अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीचा तो भाग होता. माणसे अशी एकरंगी नसतात.

या मौनाची किंमतही पडली. घटनेने जे लिहिले नाही, ते राज्ये लिहू लागली. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये कायदे केले. अज्ञान मुले, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या बाबतीतील गुन्ह्यास त्यांत अधिक शिक्षा ठेवली, जणू आमचे बांधव पिकल्या केसांनीही अज्ञानच! १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे उचलून धरले. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे त्याने ठरविले. गुजरातचा कायदा २००३ चा. आणि बौद्ध धर्म हा वेगळा धर्म असल्याने दीक्षेपूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागेल, असे परिपत्रक तेथील सरकारने एप्रिल २०२४ मध्ये काढले.

गंमत अशी की, १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांना आपल्याच कक्षेत धरतो. त्यात आईबापांपैकी एक जरी बौद्ध असेल आणि मूल त्याच्या समाजात वा कुटुंबात वाढत असेल, तरी त्या मुलाचा धर्म तोच धरला जातो. तेव्हा तो प्रश्न पुन्हा आला, तर हे कलम दाखवा. शाळेत नाव घालताना धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे स्वतः वाचून लिहवून घ्या. आणि गुजरातेत आपले नातलग दीक्षा घेणार असतील, तर त्यांना अर्ज वेळेवर देऊन शिक्क्याची पोच जपून ठेवण्यास सांगा.