सुटलेली साखळी आणि सर्वांची जागा

वडाळ्याहून दादर पारशी कॉलनीकडे जाताना लागणारी पाच उद्याने, म्हणजेच फाइव्ह गार्डन्स, सकाळी सहाच्या सुमारास पाहावीत. काठी टेकत चालणारे वृद्ध, टिपणे वाचत फेऱ्या घालणारे विद्यार्थी आणि या साऱ्यांच्या पायांतून वाट काढणारे पाळीव कुत्रे यांचा मेळा तेथे भरलेला असतो. मध्यंतरी तेथील कडेच्या रस्त्यावर दोन कुत्र्यांची झोंबाझोंबी झाली. एकाचे मालक लांबूनच म्हणत होते, "खेळतोय हो, काही करत नाही तो." दुसऱ्याचे शेपूट पायांत गेले होते आणि तो मालकिणीमागे दडू पाहत होता. क्षणार्धात त्याचा कान रक्ताळला. पुढे कुत्रे शांत झाले तरी माणसांचे भुंकणे बराच वेळ चालू राहिले.

"काही करत नाही तो" या वाक्यातच सारा घोटाळा आहे. कुत्र्यांचा दांडगा खेळ हा गुन्हा नव्हे. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंच करणे हे खेळाचे आमंत्रण होय. मार्क बेकॉफ या अमेरिकी अभ्यासकाने दाखवले की, खेळात जोराने चावण्याच्या आगेमागे कुत्रे हमखास असे वाकतात. जणू 'गैरसमज नको' असे सांगतात. खऱ्या खेळात बलवान कुत्रा आपण होऊन खाली पडतो, पाठलाग करणारा पाठलाग करवून घेतो. याउलट अंग ताठ, नजर स्थिर, मानेवरचे केस उभे आणि एकच कुत्रा सतत वरचढ, असे दिसले की तो खेळ राहिलेला नसतो. शंका आल्यास दांडगट कुत्र्याला क्षणभर धरावे. दुसरा आपण होऊन परत आला तर खेळ, दूर पळाला तर छळ. कसोटी इतकी सोपी आहे; मात्र त्यासाठी मालकाचे लक्ष भ्रमणध्वनीत नसून कुत्र्याकडे असावे लागते.

जुंपलीच, तर जबड्याजवळ हात घालू नये आणि किंचाळूही नये. पाणी फेकावे वा मोठा आवाज करावा, आणि सुटताच दोघांना विरुद्ध दिशांना न्यावे. एक बांधलेला आणि दुसरा मोकळा अशी गाठ तर पडूच देऊ नये. बांधलेल्याला पळण्याची वाट नसते, म्हणून तो आधी चावतो.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला येथे बाह्य परिणामांचे प्रकरण आठवणे साहजिक आहे. साखळी सोडण्याचे सुख एकाचे, भीतीचा खर्च इतरांचा. पण शासनाने केवळ दर लावून हा हिशोब जुळत नाही, हे मुंबईने 1832 मध्येच पाहिले. मोकाट कुत्रे मारण्यासाठी शिपायांना प्रत्येकी आठ आणे मिळत. तेव्हा त्यांनी घरांजवळच्या कुत्र्यांनाही सोडले नाही. ज्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान आहे, तो पारशी समाज त्या जूनमध्ये कोटात रस्त्यावर उतरला. बक्षिसाने उत्साह वाढला, विवेक नव्हे.

आजही कायदा आहेच. पाळीव कुत्र्याला पालिकेचा परवाना लागतो, आणि प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 मधील आदेशांवरून भटक्या कुत्र्यांविषयी देशभर रण माजले. पण शिकलेल्या माणसाच्या हातून सुटलेल्या साखळीविषयी कोणी बोलत नाही. तो आपल्यातलाच, म्हणून असेल.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते सामाईक कुरणे आणि पाणी वापरणारेच पुष्कळदा ती नीट राखतात हे दाखवल्याबद्दल. वापरणाऱ्यांनी नियम स्वतः करावेत आणि दंड हळूहळू चढवावा, हे त्यांचे निरीक्षण येथे उपयोगी पडेल. एफ-उत्तर विभाग कार्यालयाने एखाद्या मैदानाचा कोपरा कुंपण घालून सकाळी दीड तास मोकळ्या कुत्र्यांना द्यावा. उरलेल्या वेळी आणि उरलेल्या जागी साखळी सक्तीची. लस टोचल्याचा दाखला दाखवावा, चेंडू आणि खाऊ आत नेऊ नये, विष्ठा ज्याची त्याने उचलावी. पहिल्या चुकीला समज, दुसरीला आठवडाभर बंदी. देखरेख मालकांनी पाळीपाळीने करावी. पहिल्या आठवड्यात प्रस्तुत लेखक, कुत्रा नसतानाही, साडेसहाला हजर राहण्यास तयार आहे. त्याचा पहिला तास आठनंतर असतो.