जुन्या चित्रांतील तेजोगोल

युरोपांतील जुन्या धार्मिक चित्रांत परग्रहांवरून आलेलीं विमानें रेखाटलेलीं आहेत, असें मत अलीकडे पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें. आमच्या विद्यार्थिवर्गांतही त्याचा शिरकाव झाला आहे. जिज्ञासा ही स्तुत्यच होय. परंतु निर्णय देण्यापूर्वीं चित्र नीट पाहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

कार्लो क्रिव्हेल्ली याचें १४८६ सालचें एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. आकाशांतील वर्तुळांतून निघालेला सोनेरी किरण भिंतींतील छिद्रांतून आंत शिरून मरीयेच्या मस्तकाकडे येतो. हें वर्तुळ म्हणजे यान, असें सांगतात. पण जवळून पाहतां तें ढगांचें कडें असून त्यांत चिमुकल्या देवदूतांच्या रांगा दिसतात. किरणामध्यें पवित्र आत्म्याचें निदर्शक असें कबुतर आहे. मरीयेस ख्रिस्तजन्माची वार्ता मिळाली, तो हा प्रसंग. इटलींतील आस्कोली नगरास पोपकडून स्वशासनाचे हक्क मिळाल्याची बातमी १४८२ सालीं याच प्रसंगाच्या सणादिवशीं, २५ मार्च रोजीं, तेथें पोंचली. म्हणूनच गब्रीएल दूताशेजारीं नगराची प्रतिकृति हातीं धरलेला संत एमीदिउस दाखविला आहे. यानाच्या कल्पनेनें यांपैकीं कशाचा उलगडा होतो?

फ्लॉरेन्स येथील पालाझ्झो व्हेक्किओमधील मरीयेच्या चित्रांत तिच्या मागें दूरवर एक मनुष्य कपाळावर हात धरून आकाशांतील तेजस्वी वस्तूकडे पाहतो. जवळ त्याचा कुत्राही आहे. लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय ज्यानें वाचला आहे, तो या मेंढपाळास तत्काळ ओळखील. गिर्लांदायोच्या १४८५ च्या चित्रांतही मागील टेकडीवर मेंढपाळांस देवदूत वार्ता सांगत आहे.

साालिंबेनीच्या १६०० सालच्या चित्रांतील गोलास तर कित्येक जण १९५७ सालचा रशियन उपग्रह समजतात! वस्तुतः तो सृष्टीचा गोल असून त्याच्या दोन बाजूंस पिता व पुत्र राजदंड धरून बसले आहेत.

कोणी म्हणेल, चित्रकारानें डोळ्यांनीं कांहीं पाहिलें नसेल कशावरून? परंतु त्याच प्रसंगीं, त्याच जागीं, तेंच चिन्ह अनेक चित्रांत येतें, तेव्हां ती चित्राची भाषाच समजली पाहिजे. आपल्या देवादिकांच्या मस्तकामागील तेजोवलयास पितळेचें ताट कोणी म्हणतो काय? उडत्या तबकड्यांचा बोलबाला १९४७ सालीं अमेरिकेंत सुरू झाला. ती दृष्टि आपली, चित्रकाराची नव्हे.

दुसऱ्याच्या बोलण्यांत आपलेच विचार घालून तें ऐकणें हा त्याच्यावर अन्याय होय. मृत चित्रकार उठून प्रतिवाद करूं शकत नाहीं, म्हणून तर आपली जबाबदारी अधिक. विद्यार्थिमित्रहो, आश्चर्य अवश्य करा. पण प्रथम विचारा, हें कोणीं, कोणासाठीं आणि कोणत्या श्रद्धेनें काढिलें?