'वयाचं आहे' म्हणणाऱ्यांनो...



आज जरा रागानेच लिहायला बसले आहे. भाषा थोडी तिखट झाली तर कोल्हापूरचं पाणी समजून सोडून द्या. राग आहे तो एका वाक्यावर. "वयाचं आहे, जाईल आपोआप." पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधल्या बाईने 'डोकं दुखतंय' म्हटलं की घरातून, शेजारून, औषधाच्या दुकानातून आणि कधी कधी चक्क दवाखान्यातूनसुद्धा हेच वाक्य तिच्या अंगावर येतं. एरवी धडधाकट असलेल्या बाईला असं म्हणणं ही बेफिकिरी झाली. पण जी बाई रक्त पातळ करणारी गोळी घेते तिला असं म्हणणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. शांतपणे सांगून थकले, म्हणून आता भांडून सांगते.

मी डॉक्टर नाही, मराठीची बाई. पण या विषयातली जुनी विद्यार्थिनी आहे. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले आणि त्या तापाने जाता जाता हृदयाची झडप खराब केली. संधिवाताचा हा ताप त्या काळी गावोगाव होता, आणि त्यातून मायट्रल झडप आकसणं हे बायकांत जास्त दिसतं. १९९५ साली मला धातूची झडप बसली आणि त्या दिवसापासून रोज एक गोळी माझ्या मागे लागली. पुढे २००१ च्या सुमारास पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि तरुणपणची अर्धशिशी दुप्पट जोमाने परत आली. तेव्हा मिळालेलं उत्तर: "वयाचं आहे."

गेल्या वर्षी माझ्या पुतणीची पाळी आली. वय सत्तेचाळीस, तीच झडप, तीच गोळी, तीच अर्धशिशी. आणि उत्तर? तेच! मधल्या वीस-बावीस वर्षांत घरोघरी मोबाईल आले, गल्लीगल्लीत तपासणी केंद्रं आली, उत्तर मात्र बदललं नाही. आमच्या घरातली मंडळीही हे वाचतात. त्यांना राग आला तर येऊ दे, निदान वाचून तरी होईल.

आता मुळात गोळीबद्दल. 'रक्त पातळ करणारी' हा शब्दप्रयोगच घोळाचा आहे. रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे घटक तयार करतं, त्या कामात ही गोळी खीळ घालते, म्हणजे गुठळी व्हायला वेळ लागतो. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते किंवा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होतो, म्हणून गोळी सोडायची नाही. पण शब्द 'पातळ' असल्यामुळे बायकांना वाटतं की आपलं रक्त कमी झालं, अंगातली ताकद गेली, म्हणून डोकं दुखतं. मग कुणी परस्पर गोळी बंद करते. एका चुकीच्या विशेषणाने एवढा अनर्थ होतो, आणि तरी लोक मला विचारतात की बाई, व्याकरणाचा उपयोग काय!

या गोळीच्या घराण्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिनमधल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं कारण शोधलं. त्यातूनच वॉरफरीन तयार झालं, ते आधी १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि मग १९५४ पासून माणसं वाचवायला वापरात आलं. आपल्याकडे जास्त चालणारं अॅसेनोकुमारॉल याच जातीचं. नव्या गोळ्या आल्या आहेत, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. २०१२ मध्ये डॅबिगॅट्रान देऊन पाहिलं, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, म्हणून तो प्रयोग थांबवावा लागला. तेव्हा आमच्यासारख्यांना जुनीच गोळी आणि ती मोजण्यासाठी आयएनआरची तपासणी. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. दोरीवरची कसरत म्हणा ना.

आणि या कसरतीत पाळी जाण्याचा काळ येऊन धडकतो. त्या वर्षांत इस्ट्रोजेन एकदम चढतं, एकदम पडतं, आणि अर्धशिशीला नेमकी हीच चढउतार चेतवते. त्यात आमचे उपवास! नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस करायचे, म्हणजे जेवणाच्या वेळा चुकल्या की अर्धशिशी हजर. शिवाय एरवीची पालेभाजी बंद झाली, 'के' जीवनसत्त्व घटलं, की आयएनआर वर. देवीवर माझीही श्रद्धा आहे, पण तिने कुणाला अशी कसरत करायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याच काळात पाळी वाहते ती धो धो, आणि गोळीमुळे आणखीच. मग रक्त खरोखरच कमी होतं आणि त्यानेही डोकं दुखतं. यावर सगळ्यांना सुचणारा तोडगा एकच, "पिशवी काढून टाका." रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांवर दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यातल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पुढे आणलं. तपासलेल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा काळ एका रात्रीत येऊन आदळतो आणि डोकेदुखी बऱ्याचदा वाढते. कधी कधी ऑपरेशन लागतंही, नाही असं नाही. पण बाईची तक्रार ऐकून घेण्यापेक्षा तिचा अवयव काढणं सोपं वाटावं, हा कुठला न्याय?

आता औषधाच्या दुकानाकडे येऊ. माझी पुतणी चिठ्ठी घेऊन एका दुकानात गेली. महिन्याची अॅसेनोकुमारॉल घेतली आणि म्हणाली, डोकं फार दुखतंय. "ही घ्या ताई, लगेच उतरतं," म्हणून त्याने डायक्लोफेनॅकची स्ट्रिप त्याच कागदी पिशवीत टाकली. त्याच पिशवीत! एका हाताने गोठणं मंदावणारी गोळी आणि दुसऱ्या हाताने पोटाच्या अस्तराला इजा करून रक्तस्रावाचा धोका वाढवणारी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं तिच्यावर छापलेलं असतं, ते वाचायचं कुणी? पिशवी मी उघडून पाहिली आणि ती स्ट्रिप परत पाठवली. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांचंही तेच. बरं, पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण तीही रोज मोठ्या प्रमाणात चार-सहा दिवस घेतली तर आयएनआर वाढवू शकते. गंधपुरा तेल आणि कित्येक बामांत मिथाइल सॅलिसिलेट असतं, तेही फार चोळलं तर हाच प्रकार.

"गर्दीत कुणाकुणाला विचारत बसू?" असं दुकानदार म्हणतात. अहो, सुट्टे पैसे आहेत का हे प्रत्येकाला विचारताच ना? मग 'आणखी कुठली गोळी चालू आहे?' हे पाच शब्द जड का व्हावेत?

डॉक्टरमंडळींबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळेच सत्तरी ओलांडून हे लिहिते आहे. पण हृदयवाले आयएनआर बघतात, पाळीचं विचारत नाहीत. बायकांचे डॉक्टर पाळीचं विचारतात, झडपेचं लिहून घेत नाहीत. मधल्या मध्ये बाईचं डोकं कुणाचंच नसतं. खरं तर दोघं बोलले तर मार्ग निघतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी हृदयासाठी वापरली जाणारी गोळी अर्धशिशी टाळायलाही देतात. उलट अर्धशिशीच्या काही खास गोळ्या हृदयाच्या काही रुग्णांना चालत नाहीत आणि पोटातून घ्यायचं इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवतं. हे कुणी ठरवायचं? एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांनी. बाईने एकटीने अंदाजाने नव्हे.

"मग काय, प्रत्येक डोकेदुखीला स्कॅन करायचा?" असा प्रश्न येणार, मला माहीत आहे. नाही हो. बहुतेक वेळा ती अर्धशिशीच असते, आणि पाळी पूर्ण गेल्यावर अनेकींची कमीही होते. पण ती अर्धशिशीच आहे हे विचारल्याशिवाय कळणार कसं? आमच्या ओळखीच्या एक बाई, याच गोळीवरच्या, न्हाणीत घसरल्या. साधं टेंगूळ आलं आणि बसलं. डोकं दुखायला लागलं ते जवळजवळ तीन आठवड्यांनी. घरच्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. सून मात्र म्हणाली, सासूबाईंचं असं दुखणं मी कधी पाहिलं नाही, आणि रिक्षा बोलावली. स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साचलेलं निघालं. ऑपरेशन झालं, वाचल्या. तीन आठवड्यांपूर्वीचं टेंगूळ घरात फक्त त्या सुनेच्या लक्षात होतं.

म्हणून घरच्यांनो, गोळी घेणाऱ्या बाईचं डोकं दुखलं की तीन प्रश्न विचारा. हे दुखणं नेहमीसारखं आहे की वेगळं? गेल्या काही आठवड्यांत पडलीस, डोकं आपटलं का? शेवटचा आयएनआर कधी केला आणि किती आला? दुखणं एकदम कडाडून आलं, उलट्या, झापड, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळा पडणं किंवा नजर जाणं यातलं काही असेल, तर सकाळची वाट बघू नका. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या आणि गोळीचं नाव पहिल्या वाक्यात सांगा.

आणि बायांनो, तुम्हीही एक वही घाला. पाळीची तारीख, डोकं दुखल्याची तारीख, घेतलेली गोळी, आयएनआरचा आकडा, एवढंच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली दहा दिवस, अशी तीन महिने चालली, तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. हे वहीशिवाय लक्षात येत नाही.

'इतकी माहिती दिली की बायका घाबरतात' असं म्हणणारेही आहेत. चौतीस वर्षं शिकवण्यात गेली माझी. माहितीने घाबरलेलं पोर मी पाहिलं नाही, न सांगितल्याने घाबरलेली मात्र वर्ग भरून पाहिली.

असो. फार बोलले. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि ते तीन प्रश्न विचारा. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.