गढूळ पाण्यातला खुळखुळा

पावसाळ्यात दाभोळच्या खाडीचं पाणी चहासारखं होतं. अशा पाण्यात रबरी मासा गळाला लावून टाकला, तर जिताड्याला तो दिसणार कसा? म्हणून आम्ही त्याच्या पोटात खुळखुळा बसवू लागलो.

माशाचे कान बाहेरून दिसत नाहीत, पण डोक्याच्या आत असतात. शिवाय अंगावरच्या रेषेला पाण्याची थरथर कळते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००.

बाजारात छर्रे भरलेल्या काचेच्या बारीक नळ्या मिळतात. आवाज खणखणीत. पण आमची एक नळी खडकावर आपटून रबराच्या आतच फुटली आणि काढताना बोटात काच गेली. अल्लाहचा शुक्र, खोल नाही. तोच तुकडा माशाच्या पोटातून ताटात आला असता तर? घरात लहान मुलं आहेत. तेव्हापासून काच बंद.

आता जेलपेनच्या रिकाम्या रिफिलचा पेराएवढा तुकडा धुऊन घेतो, त्यात मावतील असे दोन बारीक छर्रे टाकतो आणि टोकं मेणबत्तीवर मऊ करून चिमट्याने दाबतो. आवाज जरा बोदा येतो, पण चालतं. नळी डोक्याकडे, पोटाच्या बाजूला खुपसावी. पाठीत बसवली तर मासा कलंडतो, शेपटीत घातली तर शेपूट हलत नाही.

थंडीत पाणी निवळलं की खुळखुळा काढतो. नितळ पाण्यात जिताडा खडखडाटाला बुजतो, असा आमचा अनुभव.

अम्मी मात्र अजून प्रत्येक माशाचं पोट आधी उजेडात उघडून बघते.