आरोपीचं नाव पाठ, पीडितेचं काय?

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. गुन्हेगारीवरचा पाठ आला की मुलं हिरीरीने बोलतात. आरोपी कोण, कलम कोणतं, फाशी व्हावी की नाही. यंदा मी उलटं विचारलं, "ज्याच्यावर गुन्हा घडला, त्याचं पुढे काय झालं?" वर्ग गप्प.

मग मी १९७२ सालचं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं प्रकरण सांगितलं. एका गरीब आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. तरीही पुस्तकांत तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. मी वर्गात ते नाव घेतलं नाही.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, "सर, आमच्याकडे तर घरचेच म्हणतात, इज्जतीचा सवाल आहे, गप्प राहा."

मित्रांनो, हे आपल्यालाही लागू आहे. बाहेरच्याने आपल्या माणसावर जुलूम केला की आपण इन्साफ मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण जुलूम करणारा आपल्याच गल्लीतला, आपल्याच नात्यातला निघाला की आपण बैठक बसवून प्रकरण मिटवतो. मजलूम मात्र तिथेच राहते, रोज त्याच दारासमोरून जाते.

म्हणून माझं म्हणणं आहे, हा विषय प्रत्येक शाखेच्या मुलांना शिकवा. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, तिची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना मोफत वकील देतं. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

पण माहितीच्या आधी एक गोष्ट शिकावी लागेल. कुणी सांगायला आलं, तर "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न गिळायचा आणि आधी ऐकायचं.